दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलं, सासूबाई आणि पंधरा हजार: नाशिकहून कुठे जावं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही सिडकोत राहतो. नवरा अंबडला कंपनीत. बोनस झाला की त्यातले पंधरा हजार सहलीसाठी बाजूला काढायचे असं ठरलंय. एक रुपयाही वर नाही, कारण जानेवारीत शाळेच्या फीचा दुसरा हप्ता आहे. मंडळी पाच: आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात पण हौस दांडगी), मुलगी साडेपाच वर्षांची आणि मुलगा दोनचा. मुलाच्या हातात जे येतं ते खाली पडतं. चारचाकी नाही, एक स्कूटर आहे.

नवऱ्याच्या डोक्यात गोवा आहे. त्याच्या कंपनीतला मित्र 'बारा हजारात गोवा' करून आला म्हणे. (तो एकटा होता हे नंतर कळलं.) मला वाटतं तीन दिवस, दोन मुक्काम पुरे. कुठे जावं? आणि कुठे जाऊ नये, तेही सांगा.

सातपूरचा_पाहुणा
गोवा विसरा. नाशिकहून मुलांना घेऊन जाता-येता दोन दिवस प्रवासातच संपतील.

भंडारदरा बघा. घोटीमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. विल्सन धरण, रंधा धबधबा, समोर कळसूबाई. दिवाळीत हिरवळ टिकून असते आणि थंडी नुकती लागलेली असते.

चिमणचारा
भंडारदरा सुंदरच आहे, पण स्वतःची गाडी असेल तर. एसटीने शेंडी गावात उतरलात की पुढे रतनवाडी म्हणा, अमृतेश्वर म्हणा, सगळीकडे जीप ठरवावी लागते. आम्ही मुलगी तीनची असताना गेलो होतो. जलाशयाला वळसा घालताना ती दोनदा ओकली आणि मंदिरापाशी पोचलो तेव्हा गाढ झोपली होती. शेकडो वर्षांपूर्वीचं कोरीव काम मी तिला खांद्यावर घेऊन पाहिलं. नवऱ्याने गाडीतच बसणं पसंत केलं.

गाडी नसेल तर उतरल्यावर पायी फिरता येईल असं ठिकाण हवं. सापुतारा. तलाव गावाच्या मधोमध, बागा त्याच्या काठाला, डांगच्या आदिवासी जीवनाचं संग्रहालय जवळ, रोपवेही आहे. नाशिकहून ऐंशी किलोमीटर, दिंडोरी-वणी-बोरगाव करत थेट एसटी.

पंचवटीतले_आजोबा
हल्ली घराबाहेर दोन रात्री काढल्याशिवाय सुट्टी झाली असं कुणाला वाटतच नाही. नाशिकची किती मुलं पांडवलेणी चढली आहेत, विचारा. २४ लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहनांचा एवढा मोठा राजा, पण त्याची ओळख आईच्या नावाने: गौतमीपुत्र. हे मुलीला सांगा. खाली उतरलं की दादासाहेब फाळके स्मारक, तिथे पळायला मोकळी जागा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात पंधरा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत. दिवस मजेत जातो आणि रात्री आपल्या गादीवर झोप.

अर्धं_तिकीट
आजोबा, मुद्दा पटला, पण धागाकर्तीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या त्यांच्याकडून कशा होणार?

प्रवासखर्चाबद्दल लिहितो, कारण इथेच बरेच जण उगाच पैसे घालवतात.

एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्या प्रकारच्या एसटी बसमध्ये निम्मं भाडं. म्हणजे ताई, तुमचं अर्धं, सासूबाईंचं अर्धं, मुलीचं अर्धं, धाकटा फुकट आणि पूर्ण तिकीट फक्त तुमच्या यजमानांचं. पाच माणसं अडीच तिकिटांत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढे पूर्ण भाडं लागतं. पण सापुतारा गुजरातेत असलं तरी हद्द ओलांडली की लगेचच येतं, त्यामुळे फरक किरकोळ. गुजरातच्या बसमध्ये मात्र आपली ही सवलत चालत नाही, तेव्हा पाटी बघून चढा. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा.

रेल्वेचं गणित वेगळं. तिथेही पाचखाली फुकट, पण पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर अर्धं. आणि पंचवटी एक्सप्रेससारख्या गाडीत, बसायच्या आरक्षित डब्यात, अर्ध्याचा पर्यायच नाही. मुलगी साडेपाचची असल्याने तिथे पूर्ण पैसे मोजावे लागतील. मला हे बुकिंग करताना कळलं आणि हिशेब तिथेच कोलमडला.

मनमाड_जंक्शन
तरी एक दिवसाची मुंबई वाईट नाही हो. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी, दादरला उतरून लोकलने भायखळा, राणीची बाग. पेंग्विन बघून मुलं खूश. बुधवारी बाग बंद असते, आम्ही एकदा बुधवारीच पोचलो होतो. त्या दिवशी मुलांनी भायखळा स्टेशनच बघितलं आणि त्यांना तेही आवडलं, हा भाग वेगळा.

गोदाकाठची
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. अडीच तिकिटांचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं. गोवा बारगळलं आहे.

चिमणचारा, सापुताऱ्याकडे कल झालाय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघावं असा विचार आहे. हॉटेलवाले मात्र एका रात्रीचे साडेचार हजार सांगताहेत. एवढं असतं का?

वणीची_माहेरवाशीण
थांबा थांबा! भाऊबीजेनंतर लगेच मुळीच जाऊ नका.

पाडव्यापासून गुजराती नववर्ष सुरू होतं. तेव्हापासून लाभपंचमीपर्यंत अर्धं सुरत सापुताऱ्यात असतं. खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट आणि तलावाकाठी गाड्यांची रांग. लाभपंचमीला दुकानं उघडतात आणि मंडळी धंद्याला परततात. त्यानंतरचा सोमवार धरा. आपल्या शाळांना तेव्हाही सुट्टी असते. तीच खोली निम्म्याहून कमी भावात मिळेल, फोन करून बघा.

दुसरी गोष्ट. आमच्या बाजूला, हातगडच्या आसपास, हद्दीच्या अलीकडेही राहायची सोय आहे आणि जरा स्वस्तही पडते. पण गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे शनिवार-रविवारी तिकडची मंडळी कशासाठी अलीकडे येतात ते सांगायला नको. मधल्या वारी शांत असतं. तरी मुलांना घेऊन जाताय, बाहेर गाणी किती वाजेपर्यंत चालतात ते आधीच विचारून घ्या.

मिसळ_विथ_तर्री
अवांतर: सकाळी निघण्याआधी गंगापूर रोडच्या एखाद्या मळ्यातल्या मिसळीला जा. झोपाळे, घसरगुंडी, बैलगाडी सगळं असतं. मुलांची अर्धी सहल तिथेच होते. :)

खोली_नंबर_सात
एक पैसे वाचवायचा उपाय: स्वयंपाकघर असलेली खोली किंवा होमस्टे घ्या. गॅस, भांडी मिळतात. तांदूळ-डाळ-मसाले घरून न्या. बाहेरच्या जेवणाचे तीन-चार हजार सहज वाचतात. आम्ही दरवर्षी असंच करतो.

चिमणचारा
खोली_नंबर_सात, प्रश्न आहे, राग मानू नका. त्या खोलीत स्वयंपाक कोण करतं?

खोली_नंबर_सात
अर्थात बायको. पण तिला आवडतं. मी भांडी घासतो.

चिमणचारा
विचारलंत कधी तिला?

मी पाच वर्षं अशा सहली केल्या. घरी निदान कुकर कुठे आहे ते माहीत असतं. तिथे परक्या शेगडीवर, बोथट सुरीने कांदा चिरत खिडकीतून डोंगर बघायचा. नवरा आणि मुलं फिरून येणार, भूक लागली म्हणणार. परत आले की माझी सुट्टी सुरू व्हायची, सोमवारी, ऑफिसात.

पैसे वाचले म्हणताना ते कुणाच्या अंगावर वाचले तेही त्याच कागदावर मांडा. तीन दिवसांचं जेवण बाहेर, ही सहलीतली चैन नव्हे. माझ्या मते तोच मुख्य खर्च. काटायचंच असेल तर पॉइंट काटा.

वणीची_माहेरवाशीण
+१०१

खोली_नंबर_सात
संध्याकाळी विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. :( पुढच्या वेळी साधी खोली.

पंचवटीतले_आजोबा
आमच्या हिने हे वाचायला नको.

निफाडची_द्राक्षं
चिमणचाराताईंशी सहमत, पण मधला मार्ग आहे. स्वयंपाक नको, शिदोरी हवी. दशम्या दुधात भिजवून केल्या तर दोन दिवस मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडीच्या वड्या. आणि लहान डब्यात मेतकूट, दुसऱ्यात तूप. साधा भात कुठल्याही हॉटेलात मिळतो. दोन वर्षांच्या मुलाला वर मेतकूट-तूप घातलं की त्याचं जेवण झालं. नाहीतर मुलासाठी म्हणून पनीरची भाजी मागवायची, ती त्याला तिखट लागणार, आपल्याला नको असताना आपण संपवणार आणि तो शेवटी बिस्किटावर झोपणार.

पाण्याचंही तसंच. पाच माणसं, तीन दिवस. बाटल्याच घेत बसलात तर त्यातच किती जातात बघा. घरून दोन मोठ्या बाटल्या न्या, हॉटेलात फिल्टर असतो, भरत राहा.

आणि सापुतारा रद्द झालंच तर आमच्याकडे या. नांदूरमध्यमेश्वर, गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचं पक्षी अभयारण्य. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली जाहीर झालं. नोव्हेंबरपासून पाहुणे पक्षी येऊ लागतात, निरीक्षण मनोरे आहेत. फक्त पहाटे या. अकरा वाजता येऊन 'पक्षी कुठेत' विचारणाऱ्यांचं आम्हाला आता हसूही येत नाही.

हप्त्यांचा_राजा
एक विचारू? दोन वर्षांच्या मुलाला यातलं काहीही आठवणार नाही. मोठीलाही फारसं नाही. मग एवढा आटापिटा कशाला? पैसे साठवा, मुलं दहा-बारा वर्षांची झाली की एकदाच मोठी सहल करा.

मनमाड_जंक्शन
मी चार वर्षांचा असताना वडील आम्हाला कुठेतरी घेऊन गेले होते. कुठे ते मला आठवत नाही, आई म्हणते शेगाव. मला फक्त आठवतं की वडिलांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता आणि ते हसत होते. घरी ते फारसे हसत नसत. गाव आठवलं नाही तरी चालतं हो.

हप्त्यांचा_राजा
बरं. माघार.

बाय द वे, माझ्या आयडीचा उगम सांगतो, बाकीच्यांना उपयोग होईल. एका मॉलमध्ये कूपन भरलं, चार दिवसांनी फोन: 'तुम्हाला सहकुटुंब जेवण आणि तीन दिवसांची सहल बक्षीस.' गेलो. जेवणाआधी अडीच तास सुटाबुटातला मुलगा पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत होता. मुलं रडायला लागली, जेवण थंड, बायको डोळे वटारतेय आणि मी सही केली. अजून हप्ते चालू आहेत. जी तारीख मागतो ती 'उपलब्ध नाही'. फुकट सहलीचा फोन आला की ठेवून द्या.

गोदाकाठची
फोन केला. लाभपंचमीनंतरच्या सोमवारी तशीच खोली, दुसऱ्या हॉटेलात, १८०० रुपये रात्र! माहेरवाशीणताई, तुम्हाला एक साडी लागू.

शेवटचे दोन प्रश्न. धाकट्याला बस लागते, त्याचं काय करू? आणि सासूबाई म्हणताहेत, वाटेत वणी आहेच, सप्तशृंगीच्या गडावर जाऊन येऊ. आता ट्रॉली आहे, सुमारे पाचशे पायऱ्या चढायच्या नाहीत. जमेल का?

वणीची_माहेरवाशीण
ताई, वणी गाव आणि गड यात अंतर आहे. गाव वाटेवर लागतं, गड नाही. नांदुरीला जायचं, तिथून घाटाने वर, मग ट्रॉलीची रांग, दर्शनाची रांग, परत खाली. त्या दिवसाचं सापुतारा गेलंच समजा. आईंना सांगा, गडाचा वेगळा दिवस करू, मुलांना घरी ठेवून. हे मी माहेरच्या देवीबद्दल म्हणतेय, यावरून काय ते समजा.

चिमणचारा
बस लागण्यावर: निघण्याआधी पोटभर दूध देऊ नका. कोरडं काहीतरी, थोडंसंच. पुढची सीट, खिडकी उघडी, मोबाईल अजिबात नाही. दोन जादा कपडे आणि चार-पाच पिशव्या हाताशी, बॅगेच्या तळाशी नव्हेत. औषध द्यायचंच तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, दुकानदाराला विचारून नको. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे.

गोदाकाठची
(तीन आठवड्यांनंतर)

जाऊन आलो. वृत्तांत लिहायला उशीर झाला, कारण आल्यावर दोन्ही मुलांना सर्दी.

आधी हिशेब, कारण धागा त्याचाच होता. एसटी जाऊन-येऊन ७४०. घर ते सीबीएस (एसटी स्टँड) रिक्षा दोन्ही वेळची ३००. खोली दोन रात्री ३६००. जादा गादी ६०० (यावर खाली लिहिते). खाणंपिणं ३९००. बोटिंग आणि रोपवे ११००. एक दिवस दुपारी जीप ६००. फुगे, भिरभिरं आणि एक प्लास्टिकचं बदक, जे परतीच्या बसमध्येच राहिलं, ४५०. एकूण ११,२९०.

गादीचं असं झालं. फोनवर 'जादा गादीचे तीनशे' म्हणाले. निघताना बिलात सहाशे. 'मॅडम, रात्रीचे तीनशे.' मी वाद घातला, नवरा म्हणाला जाऊ दे, सासूबाई काउंटरवर कोपर टेकवून म्हणाल्या, 'गादी मी वापरली, दोन्ही रात्री माझी पाठ दुखली, त्याचे किती कापता?' काही कापले नाहीत. पण चहा पाजला. तेव्हा मंडळी, फोनवर 'रात्रीचे की एकूण' हे विचाराच. गरम पाणीही सकाळी सात ते नऊच येतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

धाकटा वणीपर्यंत ठीक होता. बोरगाव गेलं, घाट लागला आणि तो एकदम गप्प झाला. चिमणचारा, पिशवी हाताशी होती, पण त्याने ती फेकली आणि मग ओकला. पुढच्या सीटवरच्या आजींनी काही न बोलता पदराच्या गाठीतून आवळा सुपारी काढून माझ्याच हातावर ठेवली. माझा चेहरा तसा झाला असावा.

वणीजवळ सासूबाईंनी खिडकीतूनच सप्तशृंगीच्या दिशेने हात जोडले. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, 'सून म्हणते पुढच्या वेळी.' म्हणजे पुढची वेळ ठरली.

आता मुलांचं. रोपवेत मुलीने डोळे मिटून घेतले, वर पोचल्यावर विचारलं, 'झालं का?' सूर्यास्ताच्या जागी गेलो, तर सगळे पश्चिमेकडे बघताहेत आणि आमची दोघं खाली बसून मुंग्यांची रांग बघताहेत. सूर्य कधी गेला त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी यादीतली तीन ठिकाणं कापली आणि तलावाकाठीच राहिलो. बागेच्या कोपऱ्यात एक गळका नळ होता. त्याखाली खड्ड्यात पाणी साचलेलं. धाकट्याने त्यात खडा टाकला. डुब्. मग दुसरा. मुलगी खडे आणून देऊ लागली, लहान वेगळे, मोठे वेगळे, त्याने मागितला तसा. पाऊण तास. त्या पाऊण तासात मी आणि नवरा एका बाकावर नुसते बसलो होतो. दोघंही काही बोललो नाही. लग्नानंतर असं कधी बसलो होतो ते आठवत होते.

मेतकूट-तूप-भात दोन्ही रात्री चालला. निफाडच्या ताई, शंभर टक्के मार्क. दशम्या मात्र पहिल्याच दिवशी बसमध्ये संपल्या, नवऱ्याने संपवल्या. हातगडच्या रस्त्यावर नागलीचे पापड घेतले, ते खाण्यात धरलेत.

उरलेले ३७१०. त्यातले हजार सासूबाईंच्या चष्म्याला गेले. हातात येईल ते खाली पडतं, असं मी धागा काढतानाच लिहिलं होतं.

पंचवटीतले_आजोबा
छान लिहिलंत. नळ आमच्या पंचवटीतही गळतात, फुकट.

अर्धं_तिकीट
ताई, ७४० मध्ये हद्दीपलीकडचं भाडं धरलंय ना? कंडक्टरने तिकिटं एकत्र फाडली की दोन भागांत?

गोदाकाठची
दादा, तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मुलगा. तिकिटं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात होती, शर्ट धुतला गेला. लगदा झालाय, पाठवू का?

वणीची_माहेरवाशीण
साडी कधी?